झील धरणारे कुठे गेले?

(करमाड येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९६९ सालचा पावसाळा महाराष्ट्राच्या लोकचळवळीला फार महागात पडला. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले. २९ ऑगस्टला शाहीर अमर शेख अपघातात गेले. अवघ्या अडीच महिन्यांत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची लेखणी, त्याचे गाणे आणि त्याचा आवाज अशी तिन्ही नाहीशी झाली. याच दिवसांत, १८ ऑगस्टच्या सकाळी, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतावर भरलेल्या वुडस्टॉकच्या महोत्सवात जिमी हेन्ड्रिक्स नावाच्या सव्वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने विजेच्या गिटारवर आपल्या देशाचे राष्ट्रगीत वाजवले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. राष्ट्रगीताची ओळ मध्येच फाटावी आणि तिच्यातून बॉम्ब पडल्याचा, माणसे किंचाळल्याचा भास व्हावा, असे सूर त्याने त्या वाद्यातून काढले. एकही शब्द न उच्चारता त्याने जे सांगितले ते ऐकणाऱ्याला कळले. पुढे तेरा महिन्यांनी तोही गेला.

करमाडच्या कार्यकर्त्यांपुढे गिटारचा विषय काढणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या दोन मृत्यूंनंतर मागे राहिलेल्या चाहत्यांची तक्रार अगदी एकसारखी आहे. हेन्ड्रिक्सचे चाहते म्हणतात, आता तसा गिटारवादक होत नाही. अमर शेखांना ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले ते म्हणतात, आता तसा शाहीर होत नाही. ही तक्रार म्हातारपणाचे उसासे म्हणून बाजूला सारता येईल, आणि तिच्यात तेवढा भाग असतोही. पण दोन खंडांत, दोन भाषांत, एकमेकांची नावेही ठाऊक नसलेली माणसे एकच गोष्ट सांगू लागतात, तेव्हा तिच्या मुळाशी काही सामाजिक कारण आहे काय, हे तपासणे समाजवाद्याचे काम आहे.

गिटारचा नायक हा प्राणी कुठून आला? तो आकाशातून पडला नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा एक मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे गेली. प्रेसखाली बोट जाणे म्हणजे काय, हे शेंद्र्याच्या आणि वाळूजच्या कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. हा मुलगा डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, बोटांना सोसवेल इतपत तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांतून जो जड, खोल, कारखान्याच्या घरघरीसारखा आवाज निघाला त्यातून पुढे रॉक संगीताची एक संपूर्ण शाखा जन्माला आली. ५ जुलै २०२५ रोजी त्याच बर्मिंगहॅममध्ये त्याच्या ब्लॅक सॅबथ या संचाचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि त्याला जगभरातून चाहते जमले. निरोप द्यायला माणसे पुष्कळ होती. वारसा घ्यायला कोण, हा प्रश्न तिथेही राहिलाच.

अमर शेखांची कथा याहून फार निराळी नाही. बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल हा मुलगा मोटारीवर क्लीनर झाला, गिरणीत कामगार झाला, संपात पडला, तुरुंगात गेला. आई मुनेरबी हिच्या ओव्या हे त्याचे संगीत विद्यालय. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लालबावटा कलापथक उभे केले. तिघेही कष्टकऱ्यांच्या जगातून आलेले. बंगालच्या दुष्काळावर पोवाडा झाला, स्टालिनग्राडवर झाला. १९४६ साली अमळनेरच्या गिरणी कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा अण्णा भाऊंनी त्या हुतात्म्यांचा पोवाडा रचला. मुंबई सरकारला या पथकावर बंदी घालावीशी वाटली, यातच त्याच्या सामर्थ्याची पावती आहे. कोणत्याही सरकारने निव्वळ करमणुकीला घाबरून बंदीहुकूम काढल्याचे सहसा आढळत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतील अमर शेख ज्यांनी पाहिले ते आज ऐंशीच्या घरात आहेत. ते सांगतात ते बहुधा आवाजाविषयी: ध्वनिक्षेपक बिघडला तरी मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा पहाडी आवाज, हातातला डफ, आणि गाणे संपल्यावर तोच डफ उलटा करून लढ्यासाठी गोळा केलेले पैसे. अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. १९६१ सालच्या 'प्रपंच' चित्रपटात त्यांची मूर्ती पाहायला मिळते. पण पडद्यावरच्या अमर शेखांवरून मैदानातल्या अमर शेखांची कल्पना करणे म्हणजे नकाशावरून नदीची ओल अजमावण्यासारखे आहे.

परंतु या आठवणींत एक गोष्ट हटकून निसटते. पोवाडा एकट्याने गायचा प्रकार नाही. शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलतात. शाहिराला श्वास घ्यायला अवसर मिळतो तो झील धरणाऱ्यांमुळे. हे झीलकरी कोण होते? बहुतेकांची नावे कुठे छापली गेली नाहीत. गिरणगावच्या चाळींत भजनी मंडळे होती, तमाशाचे फड येत होते, गणपतीचे मेळे होते, दलित वस्त्यांत भीमराव कर्डकांच्या काळापासून आंबेडकरी जलसे होते. पाळी सुटल्यावर ढोलकी हाती घेणारा, चार ओळी जुळवणारा, बेसूर का होईना पण मोठ्याने गाणारा माणूस दर मजल्यावर सापडे. अशा हजारो अर्ध्याकच्च्या गायकांच्या खांद्यावर एक अमर शेख उभा राहतो. गिटारच्या नायकाचेही तेच. बर्मिंगहॅम, लिव्हरपूलच्या कामगार वस्त्यांत शेकडो पोरे उधारीवर गिटार घेऊन कुणाच्या तरी परसात, कुणाच्या तरी तळघरात कल्ला करीत होती. त्यांच्यापैकी बहुतेकांना कधीच धड वाजवता आले नाही. पण धड वाजवणे म्हणजे काय, हे त्यांना हातांनी कळलेले होते. म्हणूनच जो खरोखर वाजवी, त्याला पाहून ते वेडे होत. नायकाला ओळखणारे कान हे ज्याने स्वतः प्रयत्न करून पाहिला आहे त्याचेच असतात.

इथे एक आक्षेप येईल. अमेरिकेतील गिब्सन या गिटार बनवणाऱ्या जुन्या कंपनीने २०१८ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा गिटारचे युग संपले अशी हाकाटी झाली. पण पुढे २०२० साली टाळेबंदीत फेंडर या दुसऱ्या कंपनीने विक्रमी विक्री झाल्याचे जाहीर केले. म्हणजे वाद्य मेले नाही. मग नायक का होत नाही? उत्तर त्या टाळेबंदीतच आहे. गिटार विकत घेतली गेली ती बंद खोलीत, एकट्याने, पडद्यासमोर बसून शिकण्यासाठी. तिथे कुशल हात तयार होतात, कदाचित हेन्ड्रिक्सपेक्षाही कुशल. पण शेजारी ढोल बडवणारा कोणी नाही, समोर घाम गाळून आलेला जमाव नाही, आणि ज्याच्याविषयी वाजवावे असे दोघांचे सामाईक दुःखही नाही. वाद्य आहे, वादक आहे, झील नाही.

आपल्याकडे गिटार खेड्यात पोचली ती हिंदी चित्रपटाच्या वाटेने. १९७१ साली 'हरे रामा हरे कृष्णा'मधील 'दम मारो दम' गाण्याच्या आरंभीची गिटार रेडिओवरून गावोगावच्या हॉटेलांत घुमली. ती वाजवली होती भूपिंदर सिंग यांनी. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक होते? चित्रपटसंगीताच्या कारखान्यात वादक हा बिनचेहऱ्याचा कामगार असे. तबकडीवर त्याचे नावही येत नसे. गिटारचा नायक आपल्याकडे संपला नाही, तो होऊच दिला गेला नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

शाहिराचे मात्र तसे नाही. तो होता, आणि त्याच्या पायाखालची जमीन डोळ्यांदेखत गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाख कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले. कामगार पांगला तशी त्याची भजनी मंडळेही पांगली. पण सगळा दोष भांडवलदाराच्या माथी मारून मोकळे होणे हे आत्मपरीक्षण टाळणे होईल. डाव्या आणि समाजवादी पक्षांनी कलापथकांना कसे वागवले? सभा सातची, पुढारी साडेआठला येणार, तोवर गर्दी धरून ठेवायला शाहीर. पुढारी व्यासपीठावर चढला की शाहिराने ओळ अर्धी टाकून खाली उतरायचे. अण्णा भाऊंचे आयुष्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेले, आणि त्यांची थोरवी सर्वांना एकदम उमगली ती ते गेल्यावर. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांची गाणी गाजवली, पु. ल. देशपांड्यांचे 'पुढारी पाहिजे' गावोगाव नेले, निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे नट घडवले. ते नट पुढे रंगभूमीवर आणि चित्रपटात गेले, यात गैर काही नाही. पोट सर्वांनाच असते. गैर हे, की त्यांच्या जागी उभे राहायला नवी पोरे तयार करणे हे काम कोणत्याही बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आले नाही. ठराव लिहिणारे तयार होत राहिले.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो मराठवाड्याने जवळून पाहिला आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांना लहानपणी शाळा लाभली नाही. अक्षरे मोठेपणी मुंबईत गाठली. १९४३ साली पहिले गाणे रचले आणि १५ मे २००४ रोजी डोळे मिटेपर्यंत रचीत राहिले. त्यांच्या गाण्यांचा हिशेब हजारांत करतात. वामनदादा मोठे खरेच; पण त्यांच्या मागे जे घडले ते अमर शेखांच्या मागे घडले नाही. त्यांचे गाणे हजारो तोंडांत गेले. ते गावोगाव फिरले, मुक्काम केला, स्थानिक पोरांना चाली दिल्या, आणि पोरांनी त्या गाण्यांवर आपापली गायन पार्टी उभी केली. आज वामनदादा नाहीत, तरी बुद्धविहारात, बारशाला, लग्नाच्या हळदीला त्यांचे गाणे म्हणणारी बाई सापडते. तिला कोणी नायिका म्हणत नाही. परंतु तिच्यामुळे उद्या नायक होऊ शकतो.

अलीकडे मात्र त्या गाण्यांवरही संकट आले आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. त्या भिंतीतून बाहेर पडणारे गाणे वामनदादांचे असले, तरी त्याला प्रत्युत्तर देण्याची सोय नाही. माणूस त्याच्यापुढे नाचू शकतो, गाऊ शकत नाही. स्वतःचाच आवाज त्याला ऐकू येत नाही. भाडे मात्र वर्गणीतूनच जाते. ज्या पैशात वस्तीतील दहा पोरांना वर्षभर ढोलकी-पेटी शिकवता येईल, तो एका रात्रीत धडधडून जातो. याला कोणी परंपरेविरुद्धचे बोलणे म्हणेल, तर त्याने जलशांचा इतिहास वाचावा.

आता करमाडविषयी. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर आणि करमाड स्थानकांच्या दरम्यान रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांची माणसे. टाळेबंदीत काम गेले, गाड्या बंद होत्या, म्हणून भुसावळकडे जाऊन श्रमिक गाडी गाठावी या आशेने रात्रभर रूळ धरून चालली, आणि गाड्या बंदच आहेत या समजुतीने रुळांवरच थकून पडली. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. पाहिले आणि बोटाने वर सरकवले. छायाचित्र पाहणारा प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा होता. अमळनेरचे हुतात्मे पोवाड्यातून वस्त्यावस्त्यांत पोचले तेव्हा माणसे एकत्र बसून ऐकत होती, आणि ऐकता ऐकता झील धरीत होती. त्यामुळे ते मरण त्यांच्या मालकीचे झाले. सोळांचे मरण अद्याप कोणाच्याच मालकीचे झालेले नाही.

म्हणून मोठा शाहीर कधी जन्मेल याची वाट पाहणे हा उद्योग सोडून दिलेला बरा. करमाड आणि आसपासच्या गावांत भजनी मंडळे आहेत, वामनदादांची गाणी पाठ असलेल्या बाया आहेत, हलगी आणि ढोलकी वाजवणारे हात आहेत. दर महिन्याच्या बैठकीतला एक तास त्यांना द्यावा, आणि त्या तासात पुढाऱ्याने श्रोत्यांत बसावे. पहिला पोवाडा ओबडधोबड होईल. होऊ द्यावा.

अडचण आहे ती निराळीच. लालबावट्याच्या श्रोत्याची भाषा मराठी होती. ज्या माणसांविषयी हा पोवाडा व्हायचा ती त्या भाषेतली नव्हती, आणि आज शेंद्र्याच्या वसाहतीत पाळी सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या पोरांपैकी कित्येक जण बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून आलेले असतात. ओळ मराठीत टाकली तर ती कोण उचलणार? शहडोलच्या पोराला कोणती चाल ओळखीची वाटेल, त्याच्या गावी रात्री काय गातात, हे इथल्या कार्यकर्त्यांपैकी कोणी त्याला अजून विचारलेले नाही.