घामाची साक्ष

सोनिवलीच्या एखाद्या अंगणांत उन्हाळ्याच्या दुपारीं कपाळावर येतो तो घाम उष्म्याचा. तळहात मात्र भीतीनेंही ओले होतात. घामांत क्षार असल्यामुळें ओल्या त्वचेंतून वीज अधिक सुलभतेनें वाहते. दोन बोटांना पट्ट्या लावून, जाणवणारही नाहीं इतका क्षीण प्रवाह सोडावा. मनाला लागणारा एखादा शब्द कानीं पडतांच दोन-तीन सेकंदांत यंत्राचा कांटा हलतो. फेरे या फ्रेंच वैद्यानें १८८८ सालीं हें नोंदिलें. घर्मग्रंथींस चेतविणाऱ्या मज्जातंतूंवर आपल्या इच्छेची सत्ता चालत नाहीं.

परंतु कांटा कां हलला, हें कांटा सांगत नाहीं. अपराध्याचा घाम आणि घाबरलेल्या निरपराध्याचा घाम, दोन्ही सारखेच खारट! असत्यशोधक यंत्रांत श्वास व रक्तदाब यांच्यासह हाच घाम मोजतात. मुद्रांक घोटाळ्याच्या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें २००४ सालीं अशा परीक्षांस मुभा दिली होती. मला ती तेव्हांही रुचली नव्हती. पुढें ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सेल्वी खटल्यांत ठरविलें कीं, संमतीवांचून कोणाचीही अशी परीक्षा घेतां येणार नाहीं, आणि संमतीनें घेतली तरी तिचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा ठरत नाहीं.