चकती टिकेल, ड्राइव्हचं काय?



व्याख्यानमालेत अध्यात्म आणि राजकारण यांच्या मधल्या दिवशी सीडी-डीव्हीडीवर व्याख्यान ठेवलं, या धाडसाबद्दल संयोजकांचे आभार. ‘सीडी आता वापरतं कोण?’ असं येताना दोघा-तिघांनी विचारलं. नवीन फारसं कोणी वापरत नाही, हे खरं. पण साधारण २००० ते २०१२ या काळातली लग्नं, संस्थांची स्नेहसंमेलनं, आजोबांच्या आवाजातल्या आठवणी, स्कॅन केलेली दप्तरं हे सगळं आपण चकत्यांवर राइट करून कपाटात ठेवून दिलं. ते आज वाचता येतं का, आणि पुन्हा जपायचं तर कसं, एवढाच माझा विषय.

आधी चकतीच्या पोटात काय असतं ते पाहू. कोरी सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची तबकडी, तिच्यावर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा चकाकता थर आणि सगळ्यात वर लॅकर. राइटरमधला ७८० नॅनोमीटरचा लेझर त्या रंगद्रव्याला ठरावीक जागी भाजतो. भाजलेली जागा कमी प्रकाश परत पाठवते, आणि वाचणारा ड्राइव्ह तिला छापील सीडीवरच्यासारखा खड्डा समजतो. म्हणजे सीडीतली माहिती खालच्या चकचकीत बाजूला नसते, ती नावाच्या बाजूला, लॅकरच्या लगेच खाली असते. आपण चकचकीत बाजू फुलासारखी जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेन दाबून ‘चि. सौ. कां. यांचा विवाह’ लिहितो! डीव्हीडीत तोच थर दोन तबकड्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. ब्लू-रेमध्ये उलटा प्रकार: माहिती खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. तिथे मात्र खालची बाजूच जपायची.

सेंद्रिय रंगद्रव्याला ऊन आणि दमट हवा दोन्ही बाधतात. कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते. त्यात वर कागदी स्टिकर चिकटवलेलं असेल तर ते फुगतं, एका बाजूने उचललं जातं, आणि सोलायला जावं तर लॅकरसकट चांदी निघून येते. अशी सीडी दिव्यासमोर धरा, आरपार उजेड दिसतो. तेवढ्या जागेतलं गाणं गेलं ते गेलंच. म्हणून स्टिकर नको. पाण्याच्या शाईचं मऊ टोकाचं पेन वापरा आणि चकत्या डब्यात उभ्या ठेवा.

सेंद्रिय थराच्या या नाजूकपणावर उपाय म्हणून असेंद्रिय, खनिजासारख्या पदार्थाचा थर असलेल्या चकत्या आल्या. त्यातली सर्वांत गाजलेली एम-डिस्क. अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन काढलेल्या मिलेनिएटा या कंपनीची. तिचा दावा हजार वर्षांचा. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक इथल्या केंद्रात ८५ अंश सेल्सिअस, ८५ टक्के आर्द्रता आणि प्रखर प्रकाश अशा माऱ्यात ती तपासली गेली आणि ती चांगली टिकली. चकती उत्तम आहे, यात वाद नाही. पण हजार वर्षं हा भट्टीतल्या थोड्या काळावरून मांडलेला हिशेब आहे, हे विसरू नका. आणि हा दावा करणारी, २०१० मध्ये नोंदवलेली मिलेनिएटा स्वतःच २०१६ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत निघाली.

ब्लू-रे घेताना एक पाहा. साध्या ब्लू-रे चकत्याही बहुधा असेंद्रिय थराच्या असतात. अपवाद एलटीएच जातीचा: स्वस्त पडावी म्हणून तिच्यात पुन्हा सेंद्रिय रंगद्रव्य घातलेलं असतं. पाकिटावर ही तीन अक्षरं दिसली, तर जपून ठेवण्याच्या कामासाठी ती घेऊ नका.

आता फर्मवेअर. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. ड्राइव्हच्या आत एका चिपमध्ये त्याचा स्वतःचा छोटा प्रोग्राम असतो. कोरी चकती घातली की तो तिच्या नागमोडी खाचेत दडलेला उत्पादकाचा संकेत वाचतो आणि आपल्याजवळच्या तक्त्यात शोधतो. या चकतीला लेझर किती जोराचा, किती लांबीच्या ठोक्यांनी मारायचा, हे त्या तक्त्यात असतं. मग तवा तापलाय का हे बघायला आपण पाण्याचा थेंब टाकतो, तसा तो चकतीच्या राखीव भागात थोडं लिहून पाहतो आणि जोर ठरवतो. संकेत तक्त्यात नसेल, तर ड्राइव्ह सरधोपट कृती वापरतो. चकती तयार होते, आज वाचलीही जाते, पण भाजणं कच्चं राहिलेलं असतं. एलटीएच चकत्या २००८ च्या सुमारास बाजारात आल्या, तेव्हा जुन्या ड्राइव्हांना त्या नीट हाताळायला नवं फर्मवेअर लागलं. म्हणून नियम असा: चकती ड्राइव्हपेक्षा नवी असेल तर राइट करण्याआधी उत्पादकाचं शेवटचं फर्मवेअर घाला. चकती आणि ड्राइव्हची जोडी जमलेली असेल, तर मात्र उगाच हात लावू नका.

कारण हे काम जोखमीचं आहे. २००३ साली मॅन्ड्रेक लिनक्स ९.२ ही संगणकप्रणाली बसवताना एलजीचे काही सीडी-रॉम ड्राइव्ह कायमचे बंद पडले. लिनक्सने पाठवली होती साधी ‘कॅश रिकामी कर’ ही आज्ञा. फक्त वाचणाऱ्या ड्राइव्हला तिचं काही कामच नाही, म्हणून कंपनीने त्याच आज्ञेला ‘फर्मवेअर बदल’ असा अर्थ देऊन ठेवला होता. बिचाऱ्या ड्राइव्हने ती पाळली आणि स्वतःचा प्रोग्राम पुसला. बोलणारा सज्जन, ऐकणारा आज्ञाधारक, तरी घात झालाच! तेव्हा फर्मवेअर घालताना ट्रे रिकामा ठेवा. ड्राइव्हवरच्या लेबलवरचं मॉडेल शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. यूपीएसशिवाय हात घालू नका, आपल्याकडची वीज कधी जाईल सांगता येत नाही.

राइट करताना ब्लू-रेला ४एक्स वेग पुरतो. २५ जीबीची चकती साधारण २३ मिनिटांत होते. शेवटच्या कडेपर्यंत भरू नका, कारण बोटं आणि दमटपणा आधी कडेलाच लागतात. पूर्ण पडताळणी करा आणि नंतर दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून बघा, कारण लिहिणारा ड्राइव्ह स्वतःचं गबाळं अक्षर वाचून दाखवू शकतो. फायलींच्या चेकसमची (फाइल जशीच्या तशी आहे का हे दाखवणाऱ्या आकड्यांची) यादी चकतीवर आणि चकतीबाहेरही ठेवा.

आणि ‘चालतेय ना’ यावर विसंबू नका. सीडीवरून दर सेकंदाला ७३५० चौकटी वाचल्या जातात. त्यातल्या सरासरी २२० पर्यंत सदोष असल्या तरी मानकानुसार चकती चांगलीच समजली जाते, कारण रीड-सोलोमन संकेतपद्धतीने चुका आतल्या आत दुरुस्त होतात. दोष दोनशेचे दोन हजार झाले, तरी ऐकणाऱ्याला बहुधा काही कळत नाही. मग एके दिवशी दुरुस्तीची मर्यादा संपते आणि फाइल उघडतच नाही. चकती आधी तक्रार करत नाही. क्यूपीएक्सटूलसारखी साधनं हे दोष मोजून दाखवतात. सगळे ड्राइव्ह हे आकडे देत नाहीत, देणारा मिळाला तर तो सांभाळा.

सांभाळा म्हणतो, कारण बाजार उठतो आहे. कोरी सीडी जगाला देणाऱ्या जपानच्या ताइयो युदेनने २०१५ मध्ये हा धंदा बंद केला. स्वस्तात मराठी सिनेमे घरोघरी पोचवणारी आपली मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचं उत्पादन थांबवलं. चकती शंभर वर्षं टिकली, तरी तिला फिरवणारी मोटर, लेझर आणि ती वाचण्यापुरतं शहाणं असलेलं फर्मवेअर तितकं टिकणार नाही. जतनाचा विचार चकती आणि ड्राइव्ह या जोडीचाच करावा लागतो, आणि त्यात ड्राइव्ह आधी जाणार.

तेव्हा या पावसाळ्याआधी घरातल्या आणि संस्थेतल्या जुन्या सीडी आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. उतरलेल्यातलं निवडक दोन वेगळ्या कंपन्यांच्या चकत्यांवर राइट करा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि कोणाकडे चालू राइटर पडून असेल, तर तो भंगारवाल्याला देऊ नका, ग्रंथालयात आणून द्या.