हिप्परग्याला आलेला पंचविशीतला हेडमास्तर



आपल्याच लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा गावात १९२९च्या सुमारास एक तरुण नोकरीला आला. वय पंचविशीचं. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात राज्यशास्त्राचा अभ्यास केलेला, लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिलेला. लग्न झालेलं नव्हतं, करायचंही नव्हतं. आधीचं काम मुंबई-दिल्लीतलं, आणि आता वाट्याला आलेली जागा खेड्यातल्या शाळेच्या हेडमास्तराची. या तरुणाचं नाव व्यंकटेश खेडगीकर. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ ते हेच. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, म्हणजे तुमच्या ताई-दादांपैकी काहींच्या पदवीवरही ते छापलेलं असेल.

फोटोतले स्वामीजी सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण त्यांना हार घालतो. पण आज त्या फोटोच्या आधीच्या माणसाबद्दल बोलायचं आहे: शिकलेला, एकटा राहणारा, नोकरी करणारा आणि पुढे काय करायचं ते अजून ठरवत असलेला तरुण. कारण समोर बसलेल्यांपैकी बरेच जण पाच-सात वर्षांत नेमके तसेच असणार आहेत. पुण्यात, सोलापुरात, हैदराबादेत. एका खोलीत तिघं-चौघं, कॉट बेसिसवर, मेसचा डबा, महिन्याच्या सुरुवातीला गावी पाठवायचे पैसे. शिक्षण संपल्यापासून लग्न होईपर्यंतची ही चार-सहा वर्षं. आपल्याकडे या वर्षांना कोणी मोजतच नाही. नोकरी लागली का, आणि लागली असेल तर मुलगी कधी बघायची, या दोन प्रश्नांच्या मधे ती दबून जातात. खेडगीकरांनी ही वर्षं कशी घालवली ते बघण्यासारखं आहे.

त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले तेव्हा ते सोळा वर्षांचे, शाळेत शिकणारे. त्या दिवशी त्यांनी आजन्म अविवाहित राहून देशाचं काम करायचं ठरवलं. सोळाव्या वर्षी असे निश्चय पुष्कळ जण करतात. ते पाळायला पुढे रोजचं काहीतरी काम लागतं, आणि खेडगीकरांनी आधी ते शोधलं. अमळनेर आणि पुणे इथे राष्ट्रीय शिक्षण घेतलं, मग कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्याकडे काम धरलं. जोशी हे १९२०मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी. केंद्रीय कायदेमंडळात ते कामगारांची बाजू मांडत, आणि त्यांचा सहायक म्हणून खेडगीकरांना मुंबईही दिसली, दिल्लीही दिसली.

ती मुंबई कशी होती? १९२८मध्ये तिथल्या कापडगिरण्यांतला संप सहा महिने चालला आणि लाखावर कामगार त्यात होते. गिरणगावातले बहुतेक कामगार बायकामुलं गावी ठेवून आलेले. एका गाळ्यात दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर अंग टाकणार. जेवण खानावळवालीकडे, महिन्याच्या हिशेबावर. या बायकांनी निम्मं गिरणगाव जेवू घातलं. संपाच्या महिन्यांत कामगाराकडे पैसे नसले की खानावळवालीची उधारी वाढे. पुढे १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली आणि सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज मिळण्याची वाट त्यांना दाखवली.

हे मुद्दाम सांगतोय. एकट्याने राहून नोकरी करणाऱ्या माणसाचं स्वातंत्र्य बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी चुलीवर उभं असतं. आज हिंजवडीत किंवा सदाशिव पेठेत आपला लोहाऱ्याचा मुलगा मेसचा डबा उघडतो, तेव्हा तो डबा पहाटे चारला उठलेल्या कुणा बाईने भरलेला असतो. तिचं नाव त्याला माहीत असावं, आणि महिना संपल्यावर तिचे पैसे तारखेला मिळावेत. त्याहून चांगलं म्हणजे त्याला स्वतःला भाकरी थापता यावी. मुलांनो, हे तुम्हाला सांगतोय, मुलींना नाही. दहावीच्या सुट्टीत ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण एवढं तरी शिकून घ्या. पहिल्या पगाराआधी उपयोगाला येणारं शिक्षण ते आहे.

तर अशी मुंबई सोडून खेडगीकर हिप्परग्याला आले. प्रकृती बिघडली होती, आणि शिक्षणातून माणसं घडवायची ओढही होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१पासूनची, अनंतराव कुलकर्णी आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेली. त्या काळात हे धाडस केवढं होतं, ते आजच्या सभागृहात बसून लवकर लक्षात येत नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८मध्ये निघालं ते उर्दू माध्यमाचं; मातृभाषेतून शिकायची सोय वरच्या वर्गांत जवळजवळ नव्हती. खासगी शाळा काढायला परवानगी लागे, सभा घ्यायलाही लागे. अशा राज्यात एका खेड्यात मराठीतून शिकवणारी, मुलांना देश म्हणजे काय ते सांगणारी निवासी शाळा चालत होती, आणि तिचा हेडमास्तर पंचविशीतला होता.

हेडमास्तराचा दिवस म्हणजे फक्त तास घेणं नव्हे. राष्ट्रीय शाळांत शिक्षक मुलांबरोबर राहत, त्यांच्याबरोबर जेवत, पहाटे व्यायाम, दुपारी सूतकताई, संध्याकाळी प्रार्थना आणि वाचन. नोकरीची वेळ संपली असं म्हणायला जागाच नसे. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे तरुण सहकारी इथे मिळाले, ते पुढे आयुष्यभराचे झाले. थोड्याच वर्षांत याच हिप्परग्यात खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. १९३५मध्ये ते आणि त्यांचे सहकारी अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरी विद्यालयात गेले. १९३८च्या सत्याग्रहात तुरुंग आला. पुढचं सगळं तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेला भाग एवढाच, की पुढाऱ्याला लागणारी सहकाऱ्यांची फळी इथे, आपल्या तालुक्यातल्या शाळेच्या खोल्यांत तयार झाली.

त्याच काळात दुसरा एक अविवाहित शिक्षक अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये नोकरी करत होता: पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी. १९२४ ते १९३०, म्हणजे पंचविशीपासून तिशीपर्यंतची वर्षं. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे. मुलं शाळेत गेली की हे त्यांच्या खोल्या झाडून ठेवत, अंथरुणं नीट घडी करून ठेवत. बोलून समजवण्यापेक्षा करून दाखवणं त्यांना जवळचं होतं. आणि साने सरांचा छंद? ते छात्रालयासाठी रोज एक हस्तलिखित दैनिक काढायचे. शाळेचं काम संपवून, रात्री, हाताने लिहून. जगातल्या बातम्या, थोरांच्या गोष्टी, मुलांना चार शब्द. सकाळी मुलांना ते वाचायला मिळे. १९२८मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही सुरू केलं.

या छंदाचं पुढे काय झालं? साने गुरुजी १९३०मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले आणि १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. पाच दिवसांत असं पुस्तक कसं होतं, याचं नवल आपण करतो. मला त्याचं उत्तर छात्रालयाच्या त्या दैनिकात दिसतं. आदल्या काही वर्षांत त्यांनी रात्री किती पानं लिहिली असतील! सोपं कसं लिहायचं, मुलगा कुठे थांबतो, कुठे त्याचे डोळे भरून येतात, हे त्यांना रोजच्या वाचकांनी शिकवलं होतं. कुणी सांगितलेलं नसताना, पगार मिळत नसताना केलेलं ते काम होतं.

मुलींनो, आता एक नाव तुमच्यासाठी. अनुताई वाघ. १९१०मध्ये पुण्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात पुढचं आयुष्य कसं जायचं ते ठरलेलंच होतं. त्यांनी शिक्षिकेची नोकरी धरली, नोकरी करता करता १९३७मध्ये मॅट्रिक झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवलं. १९४५मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि तिथे अंगणवाडीची कल्पना रुजवली. १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. पदवी घेतली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. एकट्या बाईने नोकरी करून स्वतःच्या मनासारखं जगणं ही पुण्या-मुंबईची आजची टूम आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला अनुताईंचं नाव सांगा.

खरं म्हणजे आपल्या तालुक्यातला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. पूर्वी नोकरीसाठी गाव सोडायचा तो मुलगा. आता नर्सिंग झालेली, फार्मसी झालेली, संगणक शिकलेली मुलगीही एकटी पुण्याच्या गाडीत बसते. होस्टेल शोधते, घरमालकाशी बोलते, स्वतःच्या नावावर बँकेत खातं चालवते. फोनवरून पैसे पाठवता यायला लागल्यापासून तिच्या पगारातला वाटा त्याच मिनिटाला गावी पोचतो, आणि खताच्या दुकानात बाप तो फोनवरूनच देतो. २०२०च्या टाळेबंदीत यातले बरेच जण परत आले, महिनोन्महिने गच्चीवर रेंज शोधत कंपनीचं काम करत राहिले. तेव्हा पहिल्यांदाच आईबापांनी पाहिलं की आपलं पोरगं दिवसभर नेमकं करतं काय. काहींचा गैरसमज गेला, काहींची काळजी वाढली. बारा-बारा तास खुर्चीत बसून राहणं त्यांना शेतातल्या कामापेक्षा जड वाटलं. ती काळजी रास्त होती.

मग कामाच्या पलीकडचे तास कुठे जातात? बहुतेकांचे मोबाइलमध्ये जातात, हे उघड बोललं पाहिजे. त्यात त्या मुलांचा दोष कमी आहे. शहरात ओळख नाही, खोली छोटी, खिशात पैसे बेताचे. पण काही जणांनी वाट काढली आहे. कुणी रविवारी सह्याद्रीतले किल्ले चढतं, कुणी सकाळी पळतं, कुणी ढोलपथकात जातं, कुणी तबल्याचा वर्ग लावला आहे. छंदाला पैसे लागतात हा समज आपल्या जिल्ह्यातल्याच एका माणसाने खोटा ठरवला आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे. ते काही पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं शहर. तिथल्या मातीत सापडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या, जपल्या. त्या संग्रहातून आज तेरला त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय उभं आहे आणि जगभरचे अभ्यासक तिथे येतात. सुट्टीत गावी आलेल्या नोकरदार मुलांनी एक दिवस तेरला जावं, एक दिवस नळदुर्गाला. इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला तिथला पाणीमहाल बघितला की अभियांत्रिकी शिकलेल्याला घरचाच धडा मिळतो.

आणखी एक आठवण या तालुक्याची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूरसह आपल्या कितीतरी गावांनी एका रात्रीत काय गमावलं ते इथल्या पालकांना मी सांगायला नको. त्यानंतरच्या दिवसांत बाहेरून शिकाऊ डॉक्टर, अभियंते, समाजकार्याचे विद्यार्थी आले. त्यांतले कितीतरी विशी-पंचविशीतले, मागे संसार नसलेले, म्हणून लगेच निघू शकलेले. काही आठवड्यांनी परतले, काही वर्षं राहिले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने तर घरदुरुस्तीच्या कामात गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे आणलं, आणि ज्या बायका चारचौघांत बोलत नव्हत्या त्या भिंतीच्या मजबुतीबद्दल अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू लागल्या. एकटं असणं म्हणजे मोकळे हात असणं, हे त्या दिवसांत आपल्या गावांनी जवळून पाहिलं आहे.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागली की दर फोनवर लग्नाचाच विषय काढू नका. काय वाचतोस, नवं काय शिकलीस, कुणाशी मैत्री झाली, हेही विचारा. मुलीला नोकरीसाठी एकटीला पाठवताना मुलाला पाठवता तेवढाच विश्वास ठेवा. तिच्या खोलीची, वाटेची, पगाराची चौकशी जरूर करा; पाय मात्र अडवू नका.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. पुढच्या संमेलनाआधी शाळेचं एक हस्तलिखित काढा. पहिल्या अंकासाठी हिप्परग्याला जा, राष्ट्रीय शाळेबद्दल तिथल्या वयस्क मंडळींनी वाडवडिलांकडून जे ऐकलं आहे ते विचारून घ्या आणि लिहून काढा. गावोगावच्या नोकरदार ताई-दादांनाही पत्र पाठवून त्यांच्या खोलीबद्दल, कामाबद्दल, छंदाबद्दल लिहायला सांगा. अंक तयार झाला की मला एक प्रत पाठवा; मी ती अक्षरन् अक्षर वाचीन.