अभ्रकाचा पत्रा

स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हमध्ये, ज्याला भट्टी म्हणावे तर ज्वालेचा पत्ता नाही, अकस्मात ठिणग्या उडू लागल्या, की घरची मंडळी यंत्र निकालात निघाले असे गृहीत धरतात. परंतु पुष्कळदा खरा गुन्हेगार असतो तो आतल्या भिंतीवरचा, पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा लहानसा पत्रा. मॅग्नेट्रॉन नामक नलिकेतून निघणाऱ्या, सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने करणाऱ्या लहरी ज्या मार्गाने अन्नापर्यंत पोहोचतात, त्याच्या मुखावर हा पत्रा पहारेकऱ्यासारखा तैनात असतो, आणि तेलाचे वा आमटीचे शिंतोडे त्यावर साचून करपले, म्हणजे तो कोळसा विजेला आयतीच वाट करून देतो. नवा पत्रा अल्प किमतीत मिळतो व कात्रीने मापाबरहुकूम कापता येतो. प्लग आधी काढावा, हे सांगणे नलगे.

एरवी वाडग्यातील पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून ते तीन-चार मिनिटे तापवावे, आणि वाफेने सैल झालेला चिकटा मऊ फडक्याने पुसावा. यंत्र रिकामे मात्र चालवू नये, कारण शोषून घ्यावयास अन्न नसले म्हणजे लहरी परतून मॅग्नेट्रॉनलाच तापवितात.

बाहेरचे कवच उघडण्याचा मोह सर्वथा वर्ज्य. आतील कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टांच्या आसपासचा प्राणघातक विद्युत्भार प्लग काढल्यावरही दबा धरून बसलेला असू शकतो. दार वाकले असेल, किंवा खिटी नीट बसत नसेल, तर यंत्राचा वापर तत्क्षणी थांबवून ते जाणकार कारागिराच्या हवाली करावे.