जिन्यातला दिवा

आमची गिरगावातली चाळ चार माळ्यांची. जिना लाकडी, भर दुपारीही अंधारा. तिथला दिवा सगळ्यांचा, म्हणजे खरं तर कुणाचाच नाही. १९८८ च्या पावसाळ्यात एका रात्री तो गेला आणि दुसऱ्या माळ्यावरच्या काकू शेवटच्या तीन पायऱ्यांवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या कधी जिना उतरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी स्वतःच्या पैशानं नवा बल्ब लावला आणि कालनिर्णयच्या पानामागे तारीख लिहून ठेवली. पुढे बदललेल्या प्रत्येक दिव्याची नोंद झाली. ती पानं माझ्याकडे आहेत. आज बोलणार आहे ते त्यांच्याच आधारानं.

साध्या पिवळ्या बल्बचं आयुष्य सुमारे १००० तास. तो याहून जास्त टिकू शकत असे. पण १९२४ साली मोठमोठ्या कंपन्यांनी जिनिव्हात करार करून हा आकडा ठरवला आणि जास्त टिकाऊ बल्ब काढणाऱ्याला दंड लावला! जिन्यातला दिवा रोज बारा तास जळतो, म्हणजे त्यानं ८३ दिवस टिकायला हवं. वडिलांच्या नोंदीत मात्र कधी पन्नास, तर कधी चाळीसच दिवस. व्होल्टेज पाच टक्के वाढलं, तरी बल्बचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. त्यात जिन्यावर पोरांची धावपळ. तापलेली तार हादऱ्यानं तुटायची.

मग लोहार चाळीतून ट्यूबची पट्टी आणली. ट्यूब पाच हजार तासांच्या पुढे जाते. शिवाय ती सांगून जाते. टोकं काळी पडतात, लुकलुक सुरू होते. कधी स्टार्टर बदलायचा, कधी चोक. पट्टी तीच राहते. मात्र प्रत्येक वेळी पेटताना ट्यूब थोडी झिजते. त्यामुळे जिन्यात वर्षभर चाललेली ट्यूब, दिवसातून शंभर वेळा बटण दाबलं जाणाऱ्या सामायिक संडासात फार टिकली नाही. पुढे आलेल्या सीएफएलचंही तेच झालं. खोक्यावर ६००० तास. जिन्यात ते खरे ठरले, संडासात नाही. दिवा तोच, जागा वेगळी.

२०१५ साली ‘उजाला’ योजना आली आणि नऊ वॉटचा एलईडी बल्ब स्वस्त झाला. त्याच्या खोक्यावर २५,००० तास असतात. जिन्याच्या हिशेबानं साडेपाच वर्षांहून जास्त! चालू-बंद केल्यानं त्याला फारसं काही होत नाही. त्याचा शत्रू उष्णता. बंद काचेच्या गोळ्यात बसवला, की आतलं सर्किट तापतं, त्यातला कपॅसिटर सुकतो. उजेड देणारे कण धडधाकट असतात. पण स्टार्टरसारखा एकच भाग बदलता येत नाही, म्हणून आख्खा बल्ब फेकावा लागतो.

आणखी एक गोष्ट खोक्यावरून कळत नाही. साध्या बल्बचं आयुष्य म्हणजे शंभरातले पन्नास बल्ब जाईपर्यंतचा काळ. एलईडीचं आयुष्य म्हणजे उजेड सत्तर टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ. तो एका रात्रीत जाईलच असं नाही. अनेकदा हळूहळू मंदावतो आणि आपल्या डोळ्यांना त्याची सवय होते. घरात हे चालेल, जिन्यात नाही.

जिन्यातला आमचा पहिला एलईडी मी २०१६ साली लावला. २०२१ साली पानावरची तारीख पाहून, तो चालू असतानाच काढला. शेजारी म्हणाले, ‘‘अहो, चांगला दिवा कशाला काढताय?’’ मी नवा लावला. खालच्या तीन पायऱ्यांच्या झिजलेल्या कडा लख्ख दिसू लागल्या. मग कुणी काही बोललं नाही.

तुमच्या जिन्यातला दिवा कधी लावलाय, आठवतंय? नसेल, तर नवा लावताना त्याच्या बुडाशी पेनानं तारीख तेवढी लिहा.