वॅटचा आकडा आणि त्याचे मोल

सौंसर-पांढुर्णा हा संत्र्याचा मुलूख. बागेचा सौदा कसा होतो, हे बोरगावच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. एखादी लगडलेली फांदी पाहून कोणी सबंध बागेचा भाव करीत नाही. परंतु तोच शेतकरी गावच्या भजनी मंडळासाठी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घ्यावयास नागपूरच्या बाजारात गेला, की खोक्यावरील ‘१००० वॅट’ हा ठळक आकडा त्यास भुरळ घालतो. घरोघर फिरून जमविलेली वर्गणी त्या एका आकड्यावर खर्ची पडण्याचा संभव असतो. म्हणून त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे.

अशा मोठ्या आकड्यापुढे पुष्कळदा ‘पी. एम. पी. ओ.’ ही अक्षरे असतात. ती निमिषमात्र मिळू शकणारी, बहुधा कागदावरच मांडलेली शक्ती होय. ती मोजण्याची सर्वमान्य रीत नाही. सतत मिळणारी शक्ती ‘आर. एम. एस.’ या अक्षरांनी दर्शवितात. खरा विचार तिचाच करावा.

यंत्राच्या पाठीवरील पट्टीही वाचावी. तेथे विजेचा खप ६० वॅट लिहिलेला असेल, तर ते यंत्र सतत १००० वॅट देणार कोठून? घेतल्यापेक्षा अधिक देणारे यंत्र जगात नाही. मात्र खपाची ही नोंद पुष्कळदा मध्यम आवाजावर घेतलेली असते. तेव्हा थोड्या तफावतीवरून विक्रेत्यास खोटे ठरवू नये.

आर. एम. एस.चा आकडाही एकटा पुरेसा नाही. तो किती ओहमच्या स्पीकरवर मोजला, दोन्ही बाजू एकाच वेळी चालू होत्या काय, स्वरात विकृती किती टक्के होती आणि खर्जापासून तारस्वरापर्यंतचा किती पल्ला धरला, हे चार प्रश्न विचारावेत. ८ ओहमपेक्षा ४ ओहमवर आकडा सहसा मोठा येतो. १० टक्के विकृती चालवून घेतली तरीही तो फुगतो. अमेरिकेत याबाबत १९७४ पासून सरकारी नियम आहे. २०२४ साली त्यात सुधारणा होऊन ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्‌झ आणि १ टक्क्याहून कमी विकृती अशी समान कसोटी ठरविण्यात आली.

आता किमतीकडे वळू. ५० वॅटऐवजी १०० वॅटचे यंत्र घेतले, तर आवाज दुप्पट होत नाही. केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानास दुप्पट वाटावयास सुमारे दसपट शक्ती लागते. उलट, एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० डेसिबल देणारा घेतला, तर तीच ३ डेसिबलची वाढ जुन्याच यंत्रावर मिळते. म्हणून केवळ दुप्पट वॅटसाठी दुप्पट दाम मोजण्यापूर्वी तोच पैसा चांगल्या स्पीकरवर घालता येईल काय, हे पाहावे.

भजनाचे शब्द मागच्या रांगेतील म्हाताऱ्या माणसास स्पष्ट ऐकू यावेत, एवढीच मंडळाची गरज असते. ती भागविणारे यंत्र लहान आकड्याचे असले तरी ते महाग नव्हे. आणि ज्याच्या माहितीपत्रकात वरील चार प्रश्नांची उत्तरे नाहीत, त्याच्या मोठ्या आकड्यासाठी वर्गणीतील एक रुपयाही अधिक देऊ नये.