वर मागायचं, खाली अडवायचं



शिरूर तालुक्यातल्या निमोण्याशेजारी चिंचणीला घोड धरण आहे. त्याचा उजवा कालवा शिरूरच्या शेतांकडे जातो, डावा श्रीगोंदा-कर्जतकडे. आवर्तन सुटलं की तक्रार ठरलेली: वरच्या चाऱ्यांनी पाणी ओढलं, टेलला पोचलंच नाही. संघराज्यावर जाडजूड ग्रंथ आहेत, पण त्यातला मूळ तंटा इथल्या पाटकऱ्याला ग्रंथाविना कळतो.

घोडचं पाणी पुढे भीमेला मिळतं, उजनीत साठतं, पंढरपूरवरून कर्नाटकात उतरतं आणि रायचूरच्या बाजूला कृष्णेत जातं. पाणी हा विषय घटनेनं राज्यांच्या सूचीत घातला, आंतरराज्य नद्यांचं नियमन मात्र केंद्राच्या सूचीत ठेवलं. दोन राज्यं भांडली तर कलम २६२ आणि १९५६ चा कायदा पुढे येतो, वाटपासाठी लवाद बसतो. कृष्णा खोऱ्यासाठी १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावतांचा लवाद नेमला गेला. त्यानं २,०६० टीएमसी पाणी वाटलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८००. घोडचं पाणी त्या हिशेबातलंच. ही आकडेमोड तिन्ही राज्यांना पुरती पटली असं कधीच झालं नाही. तरीही नदीसाठी राज्यं सहसा एकमेकांवर पोलीस न धाडता वकील धाडतात, हे संघराज्याचं लहान यश नव्हे.

राज्यांवर चालणाऱ्या केंद्राच्या हाताला लगाम लागायला मात्र वेळ लागला. फेब्रुवारी १९८० मध्ये महाराष्ट्रातलं पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार दिल्लीहून बरखास्त झालं, तेव्हा राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ जवळजवळ मोकाट होतं. १९९४ च्या बोम्मई निकालात नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठानं त्याला वेसण घातली. संघराज्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, हेही त्याच निकालातून पक्कं झालं.

एवढं झाल्यावर महाराष्ट्रानं स्वतःच्या घरात, आपल्या जिल्ह्यांशी आणि गावांशी काय केलं, हे या संमेलनात विचारायला हवं.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याला राज्यकारभाराचा पाया मानायला साफ नकार दिला होता. खेड्यातली जात आणि कोंडलेपण त्यांनी भोगलं होतं. पुढे त्याच महिन्यात के. संथानम यांनी पंचायतींबद्दलची दुरुस्ती आणली, बाबासाहेबांनी ती स्वीकारली आणि कलम ४० जन्मलं. त्यांचा अविश्वास आजही एखाद्या ग्रामसभेत खरा ठरतो, हे मान्य केलेलं बरं. पण म्हणून ग्रामसभा टाकून देता येत नाही. तिथं कोणाला बोलू दिलं जात नाही ते पाहावं लागतं.

महाराष्ट्र या बाबतीत खरं तर पुढे होता. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. देशात पंचायतींना घटनेचा आधार देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात यायला २४ एप्रिल १९९३ उजाडावं लागलं. पण नंतर हाच महाराष्ट्र काय करत बसला? सरपंच थेट जनतेतून निवडायचा, असं २०१७ मध्ये ठरलं. सरकार बदललं, २०२० मध्ये ते रद्द झालं. पुन्हा सरकार बदललं, २०२२ मध्ये परत आलं. गावाचा कारभारी कसा निवडायचा, हे गावाला एकदाही विचारलं गेलं नाही.

पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. कलम २४३-ई म्हणतं, मुदत संपण्याआधी निवडणूक पुरी करा. झालं उलटं: प्रशासक आला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, हे खरं आणि तो प्रश्न किरकोळही नाही. पण अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत उरका, असं सांगावं लागलं. तोवर तीन वर्षं गेली होती. त्या काळात शिरूर-दौंडच्या माणसानं शाळेच्या गळक्या खोलीसाठी कोणत्या सदस्याचं दार वाजवायचं?

आणि हेच राज्य सोळाव्या वित्त आयोगापुढे केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ४१ वरून ५० टक्के करा, असं म्हणत होतं. मागणी रास्तच आहे. मात्र वर हक्क मागणाऱ्यानं खाली चारी बंद करून ठेवली, तर ओरडायला तोंड राहत नाही. दिल्लीनं मुंबईची अडवणूक केली की अग्रलेख येतात. मुंबईनं जिल्ह्याची केली तर आतल्या पानावर चार ओळी.

दोष एकट्या मुंबईचाही नाही. ग्रामसभेला शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांतले जे कमी ते लागतात. तेवढेही जमत नाहीत. मग गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. पाच-पंचवीस डोकी, घाईनं वाचलेले विषय, नंतर फिरणारी सह्यांची वही. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण भागासाठीच्या पैशातले ८० टक्के ग्रामपंचायतीच्या वाट्याला आले. त्यातले बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीचे किती, अबंधित किती, कशावर खर्च झाले, हे त्या वहीत सही करणाऱ्या कितीजणांना सांगता येईल?

इथं लिहिणारे पुष्कळ बसले आहेत. त्यांच्याकडे मागणं एकच: आपापल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला जा, मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायला लावा आणि जे ऐकाल ते लिहा.